दोन वर्षं लांबलेलं ऑपरेशन आता करायचंय? तारीख मागण्याआधी हे वाचा

२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याचा शनिवार. त्या दिवशी राज्यातले कोरोनाचे निर्बंध उठले. सोमवारी सकाळी मी ड्युटीवर आले तर ऑपरेशनपूर्व तपासणीच्या ओपीडीबाहेरची बाकडी भरून माणसं जिन्यावर बसली होती. जवळपास प्रत्येकाच्या मांडीवर एक जुनी फाईल होती, कुणाची प्लास्टिकच्या पिशवीत, कुणाची रबरबँड लावलेली, तर कुणाच्या कागदांना पावसाळ्यातली ओल लागून डाग पडलेले. सगळ्यांचा प्रश्न मात्र एकच : “सिस्टर, तारीख कधी मिळेल?”

मी मुंबईतल्या एका रुग्णालयात याच टेबलावर बसते. वजन, बीपी, ऑक्सिजन बघायचं, जुने कागद लावायचे आणि पेशंटला भूलतज्ज्ञांपुढे न्यायचं, हे माझं काम. ज्यांचं पहिलंच ऑपरेशन आहे, ज्यांचं २०२० मध्ये ठरलेलं राहून गेलं, किंवा जे आता नव्याने नाक, पोट, केस यांचा विचार करताहेत, अशा सगळ्यांसाठी हे लिहितेय. सगळ्यांना सांगायची गोष्ट एकच आहे. तुमची फाईल २०२० ची आहे, पण टेबलावर झोपणारं शरीर आजचं आहे. मधल्या काळात त्या शरीरावर काय काय गेलं ते आधी कागदावर येऊ द्या. तारीख त्यानंतर मागा.

मार्च २०२० च्या शेवटी टाळेबंदी लागली आणि ठरवून करायची ऑपरेशनं एका फटक्यात थांबली. मे महिन्यात राज्याने खाजगी रुग्णालयांतल्या ऐंशी टक्के खाटा ताब्यात घेतल्या, पालिकेचं नायर रुग्णालय तर त्या सुमारास पूर्णच कोविडसाठी राखीव झालं, आणि ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात काम करणारी आम्ही मंडळी पीपीई किट घालून कोविड वॉर्डात उभी राहिलो. हे जगभर झालं. पहिल्या लाटेच्या ऐन बारा आठवड्यांत जगात मिळून सुमारे २ कोटी ८४ लाख ऑपरेशनं रद्द किंवा पुढे ढकलली जातील, असा अंदाज तेव्हा शल्यचिकित्सकांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने मांडला होता. त्यामुळे २०२२ मध्ये मोठी रांग लागली. रांगेतला वेळ तयारीला वापरता येतो, एवढं लक्षात ठेवा.

आधी बघा, थांबायला जागा आहे का

‘इलेक्टिव्ह’ म्हणजे ठरवून करायचं ऑपरेशन. पुष्कळांना वाटतं, इलेक्टिव्ह म्हणजे नाही केलं तरी चालेल असं. तसं नाही. माझ्या मोठ्या दिरांना हर्निया होता. २०२० मध्ये ऑपरेशन पुढे गेलं, मग भाऊजीच म्हणायला लागले, “दुखत तर नाही, कशाला उगाच?” ऑगस्टमधल्या एका रात्री गाठ बाहेर आली ती आत जाईना, उलट्या सुरू झाल्या, पोट फुगलं. कल्याणहून अँब्युलन्स मिळायला दोन तास, त्यात दोन रुग्णालयांनी खाट नाही म्हणून दारातूनच परत पाठवलं. आतड्याचा तुकडा काढावा लागला. पाऊण तासाचं काम होतं, त्याचे अकरा दिवस झाले. मी याच क्षेत्रात असून घरातल्या माणसाला वेळेवर रेटलं नाही, ही खंत अजून जात नाही.

म्हणून पहिली पायरी ही : ज्या सर्जननी २०२० मध्ये तुम्हाला बघितलं त्यांच्याकडे, ते नसतील तर दुसऱ्या सर्जनकडे, नव्याने तपासून घ्या आणि सरळ विचारा, “आता किती थांबलं तर चालेल? काय झालं तर थांबायचं नाही?” हर्नियाची गाठ आत जात नसेल, पित्ताच्या खड्यांबरोबर ताप किंवा कावीळ असेल, पाळीत रक्त जाऊन जाऊन हिमोग्लोबिन घसरलं असेल, तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा. मोतीबिंदूचंही तसंच. फार पिकला की तो कडक होतो, ऑपरेशन अवघड होतं, कधी आत दाबही वाढतो. कॅन्सरची शंका असलेली गाठ या लेखात येतच नाही, तिला रांग नसते. उरलेल्यांना, म्हणजे गुडघा, साधा हर्निया, नाकाचा वाकडा पडदा आणि सगळी कॉस्मेटिक ऑपरेशनं, यांना नीट तयारी करायला वेळ आहे.

कोविडचं एक पान तयार करा

घरी बसून वहीचं एक कोरं पान घ्या. वर नाव, वय, वजन. खाली लिहा : कोविड कधी झाला, किती वेळा, रिपोर्ट कुठल्या तारखेचा. घरच्या किटवर दोन रेघा आल्या आणि कुणाला सांगितलं नाही, तेही लिहा. घरीच बरे झालात की दाखल होतात? ऑक्सिजन लागला का, आयसीयूत होतात का? स्टिरॉइडच्या गोळ्या किंवा इंजेक्शनं किती दिवस चालली? रक्त पातळ करायची गोळी दिली होती का, अजून चालू आहे का? लसीचे डोस कुठले, कोणत्या तारखांना? आणि शेवटची, सगळ्यात महत्त्वाची ओळ : आज जिना चढताना काय होतं?

हे पान का, ते एका मावशींमुळे माझ्या डोक्यात पक्कं बसलं. त्या सोमवारीच आल्या होत्या, डोंबिवलीहून, पहाटेची लोकल पकडून. पित्ताशयातले खडे, ऑपरेशनची तारीख होती एप्रिल २०२० ची. फाईल एकदम नेटकी : साखर ताब्यात, ईसीजी चांगला, भुलीची फिटनेस मिळालेली. मी बोटाला ऑक्सिमीटर लावला तर आकडाच येईना. नखांवर गडद लाल नेलपॉलिश होतं, नातीने हौसेने लावलेलं. एक नख रिमूव्हरने पुसलं, पुन्हा लावला. सत्त्याण्णव. मावशी हसल्या, “बघा, काही नाही मला.” भूलतज्ज्ञ म्हणाले, “मावशी, कॉरिडॉरमध्ये सहा मिनिटं चालून या.” मी बरोबर चालले. तिसऱ्या मिनिटाला त्यांनी पदर तोंडाला लावला, पाचव्याला भिंतीला हात टेकला. परत बसल्या तेव्हा यंत्रावर नव्वद होतं.

मग हळूहळू गोष्ट बाहेर आली. दुसऱ्या लाटेत घरातले सगळे आजारी होते. मावशींना बारा दिवस ताप होता, दाखल व्हायला जागा नव्हती, ओळखीच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या. त्या गोळ्यांची रिकामी पट्टी मुलाच्या मोबाईलमधल्या फोटोत सापडली : स्टिरॉइड. त्यानंतर साखर कुणी बघितलीच नव्हती. आम्ही बघितली, २८६. त्या अवस्थेत त्यांना भूल दिली असती तर फुप्फुसं आणि जखम, दोन्हीकडून त्रास झाला असता. त्यांना घरी पाठवलं, रागावून गेल्या. पण साखरेचं औषध सुरू झालं, छातीची तपासणी झाली, श्वासाचे व्यायाम सुरू झाले, आणि परवाच फोन आला की आता दुसऱ्या मजल्यापर्यंत न थांबता जाते. आता त्यांना तारीख मिळेल.

ताप लपवलात, डोस राहिला, घरगुती टेस्ट नोंदवली नाही, यावरून आमच्याकडे कुणी रागवत नाही. आम्हाला फक्त माहिती हवी असते.

बरं झाल्यावर किती थांबायचं

साध्या सर्दीनंतर ऑपरेशन पुढे ढकलतात हे आपल्याला माहीत आहे. कोविडचं गणित तेव्हा त्याहून लांब होतं. २०२० च्या मे महिन्यात २४ देशांतल्या ११२८ पेशंटची माहिती प्रसिद्ध झाली. या सगळ्यांना ऑपरेशनच्या आगेमागे कोविड झाला होता. त्यांतले २३.८ टक्के लोक तीस दिवसांत दगावले आणि निम्म्याहून अधिकांना फुप्फुसाचे त्रास झाले. त्यात तातडीची ऑपरेशनं पुष्कळ होती आणि लसही आलेली नव्हती, हे धरूनही आकडा घाबरवणारा आहे. नंतर २०२१ मध्ये ११६ देशांतल्या १ लाख ४० हजारांहून अधिक पेशंटचा अभ्यास आला. त्यात दिसलं की कोविडनंतर पहिल्या सहा आठवड्यांत ऑपरेशन झालेल्यांचं मृत्यूचं प्रमाण साडेतीन ते चार टक्क्यांच्या आसपास होतं, आणि सात आठवडे उलटल्यावर ते कोविड न झालेल्यांइतकंच, म्हणजे दीड टक्क्यावर आलं. सात आठवड्यांनंतरही ज्यांची लक्षणं गेली नव्हती त्यांचं प्रमाण मात्र सहा टक्के होतं.

म्हणून २०२२ मध्ये बहुतेक भूलतज्ज्ञ सात आठवड्यांचा हिशोब धरत होते. अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० च्या डिसेंबरमध्ये याची फोड दिली होती. लक्षणं नव्हती किंवा अगदी सौम्य होती तर चार आठवडे. खोकला, धाप होती पण घरीच बरे झालात तर सहा. मधुमेह असेल किंवा दाखल व्हावं लागलं असेल तर आठ ते दहा. आयसीयूत होतात तर बारा. हे तेव्हाचं किमान अंतर होतं, आज किती थांबायचं ते तुमच्या भूलतज्ज्ञांना विचारा. बाराव्या आठवड्यातही एक मजला चढून बोलता येत नसेल तर कॅलेंडर बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना तसं सांगा.

लसीबद्दल २०२२ मध्ये रोज विचारणा व्हायची. लस घेणार असाल तर डोस व ऑपरेशन यांच्यात निदान आठवडाभर अंतर ठेवा. लसीचाही ताप येतो आणि ऑपरेशननंतरही येतो. दोन्ही एकत्र आले की कशाचा कुठला ते कळत नाही. आणखी एक, नुकताच कोविड होऊन गेला असेल तर आरटीपीसीआर नव्वद दिवसांपर्यंत पॉझिटिव्ह येऊ शकते, आजार बरा होऊनही. तशा वेळी जुना पॉझिटिव्ह रिपोर्ट दाखवला तर तारीख वाचू शकते. म्हणून तो फेकू नका.

तपासण्या, आणि त्याहून महत्त्वाचं घरचं काम

रक्ताची साधी तपासणी, साखर आणि तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी, किडनी, ईसीजी, छातीचा एक्स-रे हे बहुतेकांना लागतं. धाप असेल तर टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, आणि फुप्फुसांची फुंकर तपासणी. छातीचा सीटी स्कॅन सगळ्यांना लागत नाही, कुणी हौसेने सांगितला तर का ते विचारा. फिटनेसचे कागद ठरावीक काळच चालतात, म्हणून तारीख अंदाजाने ठरल्यावरच तपासण्या करा. फेब्रुवारीत करून ठेवल्या आणि जूनमध्ये ऑपरेशन, असं झालं की पैसे दोनदा जातात.

औषधांची पिशवी जशी आहे तशी घेऊन या. ॲस्पिरिन, रक्त पातळ करायच्या गोळ्या, मधुमेहाच्या नव्या गोळ्या, यांतलं काही स्वतःच्या मनाने बंद करू नका आणि चालूही ठेवू नका. कुठली किती दिवस आधी थांबवायची हे प्रत्येक गोळीचं वेगळं असतं. काढा पिताय तेही सांगा. दोन वर्षांत घराघरांत काढे, गुळवेल, अश्वगंधा, लसणाच्या कॅप्सूल आल्या. पेशंटला ते औषध वाटतच नाही म्हणून सांगायचं राहतं. त्यांतल्या काहींनी रक्तस्राव वाढू शकतो, काहींचा भुलीच्या औषधांशी मेळ बसत नाही.

सिगारेट, विडी निदान चार आठवडे आधी बंद. तंबाखू आणि मिश्रीही सोडा. बायका मिश्रीचं नाव घेत नाहीत, म्हणून मी मुद्दाम विचारते. त्यातल्या निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि जखम भरायला वेळ लागतो. पोटाच्या किंवा स्तनांच्या कॉस्मेटिक ऑपरेशनमध्ये तर त्वचेची कडा काळी पडण्याचा धोका असतो.

आणि श्वास. औषधाच्या दुकानात तीन चेंडूंचं स्पायरोमीटर मिळतं, तीन-चारशे रुपयांच्या आसपास. नळी तोंडात धरून हळू ओढायचं, चेंडू वर गेला की दोन-तीन सेकंद तिथेच धरायचा. दिवसातून चार-पाच वेळा, दर वेळी दहा श्वास. पुष्कळजण फुंकर मारतात आणि चेंडू हलत नाही म्हणून सोडून देतात. आत ओढायचं असतं. रोज संध्याकाळी अर्धा तास चाला, पार्कात नाही जमलं तर गच्चीत किंवा चाळीच्या गॅलरीत. ऑपरेशनच्या टेबलावर हेच उपयोगी पडतं.

कुठे करायचं

पालिकेच्या केईएम, सायन, नायर, कूपर आणि सरकारी जेजे इथे रांग मोठी आहे, पण हात अनुभवी आहेत. जुना केसपेपर हरवला असेल तर नवा काढा, मात्र जुना नंबर कुठेतरी लिहिलेला असेल तर नक्की सांगा, रेकॉर्ड रूममध्ये त्यावरून कागद सापडतात. वेटिंग लिस्टवर तुमचं नाव अजून आहे का आणि फोन नंबर तोच आहे का, हे स्वतः जाऊन बघा. दोन वर्षांत सिम बदललं म्हणून फोन लागला नाही आणि नंबर पुढच्याला गेला, असे पेशंट मी पाहिलेत. भाजल्यावर आखडलेली कातडी, फाटलेला ओठ, अपघातात बिघडलेला चेहरा, यांची ऑपरेशनं मोठ्या सार्वजनिक रुग्णालयांच्या प्लास्टिक सर्जरी विभागांत होतात. भाजलेल्यांसाठी ऐरोलीचं बर्न्स सेंटरही आहे. ती ऑपरेशनं कॉस्मेटिक नाहीत. ज्यांना तसं कुणी म्हणालं म्हणून लाजून घरी बसलात त्यांनी कृपा करून या.

खाजगी नर्सिंग होम असेल तर पालिकेचं नोंदणी प्रमाणपत्र आणि रुग्णहक्कांची सनद भिंतीवर आहे का बघा. चार प्रश्न विचारा, न लाजता : भूलतज्ज्ञ कोण आणि ते मला आधी बघणार का? दाखल होण्यापूर्वी कोविडची टेस्ट सगळ्यांची होते का, स्टाफचं काय? काही बिघडलं तर आयसीयू इथेच आहे की बाहेर हलवावं लागेल? रात्री फोन कोण उचलेल? उत्तरं टाळली गेली तर दुसरीकडे चला.

घरापासूनचं अंतर धरा. जून ते सप्टेंबरमध्ये ऑपरेशन करणार असाल तर ड्रेसिंगला तीन-चार वेळा यावं लागेल, हे डोळ्यांसमोर आणा. परळजवळच्या हिंदमाता चौकात पाणी भरलं की तिथल्या रुग्णालयांत पोचता येत नाही. मोठ्या भरतीचे दिवस पालिका पावसाळ्याआधीच जाहीर करते. ती यादी घेऊन सर्जनसमोर बसा आणि टाके काढायचा दिवस त्यावर पडू देऊ नका.

पैशाचं आधी बोला

एस्टिमेट लेखी घ्या. त्यात खाट, ओटी, सर्जन, भूल, औषधं, इम्प्लांट, कोविडची टेस्ट आणि पीपीई यांचे आकडे वेगवेगळे मागा. ‘कन्झ्युमेबल्स’ या एका शब्दाखाली काय काय येतं ते विचारा, कारण पुष्कळ विमा पॉलिसी ग्लोव्हज, मास्क, किट यांचे पैसे देत नाहीत. ठरवून करायच्या ऑपरेशनला कॅशलेससाठी टीपीएला, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम बघणाऱ्या संस्थेला, दोन-तीन दिवस आधी कळवायचं असतं. मोतीबिंदू, हर्निया, गुडघा अशा आजारांना अनेक पॉलिसींत दोन वर्षांची वाट पाहण्याची अट असते. तुमची ती या काळात संपली असेल तर उलट फायदाच आहे. खोलीच्या भाड्याला मर्यादा असेल तर त्याहून महाग खोली घेऊ नका, नाहीतर बाकीच्या बिलालाही त्याच प्रमाणात कात्री लागते.

रेशनकार्ड असेल तर राज्याच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या मदतनीसाचं टेबल असतं. रेशनकार्ड, आधार आणि सर्जनची चिठ्ठी घेऊन आधी तिथे जा.

कॉस्मेटिक ऑपरेशनचे पैसे विमा देत नाही. अपघात, भाजणं किंवा कॅन्सरनंतर अवयव पूर्ववत करायचा असेल तर ती वेगळी बाब, तिथे क्लेम होतो. आणखी एक गोष्ट एस्टिमेटमध्ये राहून जाते : बहुतेक वैद्यकीय सेवेला जीएसटी नाही, पण निव्वळ कॉस्मेटिक ऑपरेशन आणि हेअर ट्रान्सप्लांटला १८ टक्के लागतो. जन्मजात व्यंग किंवा इजा दुरुस्त करायची असेल तर तो लागत नाही. दीड लाख सांगितले तर कर धरून की सोडून, हे विचारा.

नाक, पोट, केस : इथे जरा जास्त बोलते

दोन वर्षं माणसं रोज स्वतःचा चेहरा लॅपटॉपच्या छोट्या चौकटीत बघत बसली. डोळ्यांखालच्या पिशव्या, हनुवटीखालची चरबी, विरळ केस हे सगळं त्या कॅमेऱ्यात दुप्पट वाटतं, कारण लेन्स जवळ असते आणि उजेड वरून पडतो. २०२२ मध्ये मास्क उतरला, लग्नं पुन्हा धूमधडाक्यात होऊ लागली, आणि विचारणा वाढली. मला यात गैर काही वाटत नाही. बाळंतपणानंतर लोंबणाऱ्या पोटाच्या कातडीखाली पुरळ येऊन बेजार झालेली बाई, छाती वाढल्यामुळे कॉलेजात कधी टीशर्ट न घातलेला मुलगा, यांचं दुःख खरं असतं. त्यांना कुणी ‘नखरे’ म्हटलं की मला राग येतो.

म्हणूनच त्यांनी चुकीच्या हातात पडू नये असं वाटतं. सर्जनची पदवी बघा : प्लास्टिक सर्जरीतली एमसीएच किंवा डीएनबी. फिलर (सुरकुत्या, खळगे भरायचं इंजेक्शन), लेझर, हेअर ट्रान्सप्लांट त्वचारोगतज्ज्ञही करतात, तिथे त्वचारोगातली एमडी किंवा डीएनबी बघा. ‘कॉस्मेटॉलॉजी’चं सर्टिफिकेट म्हणजे शस्त्रक्रियेची पदवी नव्हे. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक डॉक्टरांच्या चिठ्ठीवर असतो, तो पडताळून बघा. तुमच्याशी गोड बोलून पॅकेज ठरवणारी व्यक्ती डॉक्टर आहे की काउन्सेलर, हे विचारा. चाकू ज्यांच्या हातात असणार त्यांनी स्वतः तुम्हाला तपासल्याशिवाय ॲडव्हान्स देऊ नका.

नाकाचं ऑपरेशन घाई करायचं नाही. विषाणूचा मुक्काम नाकाच्या आतल्या अस्तरातच असतो आणि तिथे काम करताना त्याचे कण हवेत उडतात. म्हणून नाकाची ऑपरेशनं सुरू व्हायला सगळ्यात उशीर झाला आणि २०२२ मध्येही त्याआधीची कोविड टेस्ट कुणी टाळली असती तर मी तिथे गेले नसते. कोविडनंतर वास गेला असेल आणि अजून पूर्ण आला नसेल, तर ते आधी लिहून ठेवा, म्हणजे नंतर ऑपरेशनला दोष जाणार नाही आणि खरा दोष असेल तर तो दिसेल.

‘एकदाच भूल, तीन ऑपरेशनं’ हे पॅकेज स्वस्त पडतं म्हणून खूप खपतं. पोट, चरबी, स्तन असं एकत्र केलं की भुलीचे तास वाढतात, पायात रक्ताची गुठळी होण्याची शक्यता वाढते. नुकताच कोविड होऊन गेलेल्या शरीरात गुठळीची भीती आधीच जास्त असते. मी असते तर सुटं सुटं केलं असतं. लायपोसक्शन, म्हणजे नळीने चरबी ओढून काढणं, हा वजन कमी करायचा उपाय नाही, आणि एका वेळी पाच लिटरच्या वर काढायचं असेल तर ते दवाखान्यात नव्हे, रात्रभर ठेवणाऱ्या रुग्णालयातच. फिलर घेतलेल्या काहींना लसीनंतर त्या जागी तात्पुरती सूज आल्याच्या नोंदी आहेत. उतरते, पण दोन्हींत काही आठवडे अंतर ठेवा.

आणि लग्न. एक मुलगी हळदीच्या तीन आठवडे आधी आली, नाक करायला. सूज पूर्ण उतरायला वर्ष लागतं, दिसण्याजोगी उतरायला काही आठवडे. तिला मी शेजारी बसवून ते सांगितलं, ती रडली, पण गेली. नवऱ्याच्या, सासूच्या, फोटोग्राफरच्या तारखेला बांधून ऑपरेशन ठरवू नका. घरून काम होतं तेव्हा पट्टी बांधून मीटिंगला बसता येत होतं. आता ऑफिस सुरू झालंय, तर रजेचा अर्ज आधी, ॲडव्हान्स नंतर.

आदला दिवस आणि तो दिवस

२०२२ मध्ये कोविडची टेस्ट ऑपरेशनआधीच्या अठ्ठेचाळीस ते बहात्तर तासांत करायला सांगत, तुम्हालाही सांगितली तर स्वॅब दिल्यावर घरीच राहा. स्वॅब देऊन शेजारच्या साखरपुड्याला जाऊन आलेले लोक मी पाहिलेत, मग रिपोर्टला अर्थ राहत नाही. नेलपॉलिश, बांगड्या, अंगठी, मंगळसूत्र, कवळी, कॉन्टॅक्ट लेन्स घरी. मंगळसूत्र काढायला मन धजत नसेल तर आधी सांगा, ऐन वेळी सोडवताना सगळ्यांची धांदल होते.

उपाशीपोटी म्हणजे काय ते भूलतज्ज्ञ सांगतील. साधारण नियम असा की जेवण सहा तास आधी, तळलेलं-मटण वगैरे असेल तर आठ, आणि साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. दुधाचा चहा हा पाण्यात मोडत नाही. “अर्धा कप चहा आणि एक पारले-जी, बाकी काही नाही खाल्लं,” असं प्रामाणिकपणे सांगितलेल्या आजोबांची ओटी आम्ही सहा तास पुढे ढकलली आणि त्यांचे आभार मानले. लपवलं असतं तर पोटातलं फुप्फुसात जाऊ शकलं असतं.

बरोबर एकच नातेवाईक, मास्क लावलेला. २०२२ मध्ये रस्त्यावर मास्क ऐच्छिक झाला तरी वॉर्डात झाला नव्हता. शेजारच्या खाटेवर केमोथेरपीवरचा पेशंट असू शकतो.

घरी आल्यावर

पहिल्या संध्याकाळपासून घरातल्या घरात चालायचं, चेंडू ओढायचा, पायाची बोटं हलवायची. कॉस्मेटिक ऑपरेशननंतरचा घट्ट पट्टा सांगितलेल्या आठवड्यांपर्यंत काढू नका. मुंबईच्या घामात तो नकोसा होतो, म्हणून दोन घ्या, एक धुवायला. लोकलच्या गर्दीत टाके निघेपर्यंत पाय ठेवू नका, पोटाचं ऑपरेशन असेल तर सर्जन सांगेपर्यंत नाहीच.

एका पोटरीला सूज आणि दुखणं, अचानक धाप, छातीत दुखणं, जखमेतून वास किंवा पू, नव्वदच्या आसपास घसरलेला ऑक्सिजन, यांपैकी काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. ताप आला तर पावसाळ्यात त्याची कारणं चार असतात : जखम, कोविड, मलेरिया, डेंग्यू. क्रोसिन घेऊन दोन दिवस काढू नका. फोन करा आणि ऑपरेशनची तारीख पहिल्या वाक्यात सांगा, म्हणजे पुढचे प्रश्न बरोबर विचारले जातील.

पाणी भरलेल्या दिवशी ड्रेसिंगची तारीख असेल तर फोन करून पुढे घ्या. गुडघाभर पाण्यातून चालत येऊ नका, पायाला टाके असतील तर अजिबात नको. त्या पाण्यात उंदरांचं मूत्र मिसळलेलं असतं आणि त्यातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस, म्हणजे लेप्टो, जखमेतून शिरतो. चुकून चालावंच लागलं तर पाय साबणाने धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा, लेप्टोची प्रतिबंधक गोळी वेळेत घ्यावी लागते.